धडा हातोहात

पाठ्यपुस्तकात धड्याच्या नावाशेजारी हल्ली एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. पोरांच्या लेखी तो ‘क्यूआर’, आजीच्या लेखी क्रोशाचा नमुना. मुळात तो पुस्तकांसाठी जन्मलाच नव्हता. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. बाकीच्या ठिपक्यांत माहितीबरोबर ती दुरुस्त करण्यापुरती जादा माहितीही भरलेली असते, म्हणून थोडा भाग पुसला गेला तरी चौकोन वाचता येतो. सर्वांत दणकट प्रकारात तर जवळपास ३० टक्के भाग बिघडला तरी भागते. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी केलेली ही सोय आमटीचा डाग पडलेल्या, दप्तरात चुरगळलेल्या पुस्तकालाही मानवली. कंपनीने पेटंट घेतले, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. त्यामुळेच हा चौकोन आज भाजीच्या गाडीवरही दिसतो आणि गणिताच्या पुस्तकातही.

पुस्तकातल्या चौकोनाखाली बारीक टाइपात सहा अक्षर-आकड्यांचा एक संकेतांक असतो. फोनचा कॅमेरा धुरकट असेल, तर तो संकेतांक ‘दीक्षा’ ॲपमध्ये टाइप करायचा. धडा तोच उघडतो. ‘दीक्षा’चे उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी झाले. तिच्याखालचा पाया ‘सनबर्ड’ नावाचा. ‘एकस्टेप फाउंडेशन’ने तो बांधला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्या एकाच पायावर वेगवेगळ्या राज्यांनी आपापल्या भाषांतले धडे चढवले.

पण चौकोन म्हणजे नुसते दार. दारापलीकडे कधी एखादा व्हिडिओ भेटतो, कधी कवितेची चाल, कधी चित्रांची मालिका, कधी दहा सराव प्रश्न. त्या प्रत्येकामागे कोणीतरी माणूस असतो. शाळा सुटल्यावर पंखा बंद करून, घाम पुसत फोनसमोर बोलणाऱ्या बाई असतात. घरची निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग करणारे गुरुजी असतात. महाराष्ट्रात या मंडळींना एक खास नाव पडले आहे, ‘तंत्रस्नेही शिक्षक’. हे पुस्तक त्यांच्या हत्यारांविषयी आहे. सुतार आपल्या पेटीतल्या करवतीला आणि पटाशीला हत्यार म्हणतो, त्याच अर्थाने.

हत्यारांची यादी करायला एक पान पुरते आणि ती वर्षभरात शिळीही होते. म्हणून या पुस्तकाचा भर यादीवर नाही. त्याचा एकच हट्ट आहे. धडा तयार करणे हे अर्धे काम. तो धडा दुसऱ्या शिक्षकाला उघडता, सोडवता, बदलता आणि पुढे देता यावा, हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्याची साधने गेल्या वीस वर्षांत झपाट्याने स्वस्त झाली. दुसऱ्या अर्ध्यासाठी साधने आहेत, मात्र त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

शिकवणाऱ्याच्याच हाती धडा रचण्याचे साधन द्यावे, ही कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकावरून शिकवणारी यंत्रणा उभारली. तिच्यावर धडा चढवायचा तर प्रोग्रामरचे पाय धरावे लागत. १९६७ मध्ये पॉल टेन्झार या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘ट्यूटर’ ही भाषा आखली. प्रश्न कसा विचारायचा, कुठले उत्तर बरोबर मानायचे, चुकले तर काय दाखवायचे, एवढेच तिच्यात सांगायचे. शिक्षकाला जे वर्गात रोज करावे लागते, नेमके तेच.

महाराष्ट्राने सुरुवातीला दुसरी वाट धरली. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. कॅमेरे, स्टुडिओ, संकलनाची दालने, दूरदर्शनवर प्रक्षेपण असा तिचा थाट. गावातल्या शाळेत टीव्ही असला, वीज असली आणि कार्यक्रमाची वेळ तासिकेशी जुळली, तर मुलांना तो दिसे. शिक्षकही मुलांबरोबर प्रेक्षकांत बसे. कार्यक्रम पुन्हा बघायचा म्हटले तर पुढच्या प्रक्षेपणाची वाट पाहायची, आणि त्यातला एखादा शब्द आपल्या भागातल्या मुलांसाठी बदलायचा म्हटले तर तो विषयच संपला. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. ‘दीक्षा’ सुरू झाली तीही त्याच वर्षी.

या दोन टोकांच्या मध्ये सलमान खान यांची गोष्ट येते. नट नव्हे, बोस्टनमध्ये नोकरी करणारे. २००४ मध्ये ते नात्यातल्या नादिया या शाळकरी मुलीला फोनवरून गणित शिकवू लागले. नात्यातली आणखी मुले शिकवणीला आली, वेळा जुळेनात, म्हणून २००६ पासून त्यांनी धडे यूट्यूबवर ठेवले. समोरच्या सलमानपेक्षा यूट्यूबवरचा सलमान बरा, अशी मुलांनी थट्टा केली. थट्टेत तथ्य होते. यूट्यूबवरच्या शिक्षकाला थांबवता येते, मागे नेता येते, तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी तो वैतागत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत पेनाने लिहिणारा हात आणि आवाज, एवढ्यावर खान अकॅडमी उभी राहिली.

आपल्याकडे हा मार्ग मोकळा झाला तो फोन आणि डेटा स्वस्त झाल्यावर. जिओची सेवाही ५ सप्टेंबरलाच, २०१६ साली सुरू झाली, हा योगायोग. त्याच्या आधीच ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेतले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांच्यामागे कविता, गोष्टी, व्हिडिओ, स्वाध्याय ठेवले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. पुरस्काराची बातमी देशभर गाजली. या पुस्तकाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते वेगळेच. छापील पान कायम ठेवून त्याला आवाज आणि हालचाल जोडता येते, आणि त्यासाठी शाळेला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, हे एका छोट्या गावातल्या शाळेतून दिसले.

आता प्रत्यक्ष हत्यारांकडे. समजा, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हे शिकवायचे आहे. कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे एका रेषेवर जुळवणे हा जुना प्रयोग आजही झकास आहे आणि तो सोडायचे काही कारण नाही. पण मुले लगेच विचारतात, “दुसरा त्रिकोण घेतला तर?” दर वेळी कात्री कोण काढणार? इथे जिओजेब्रा कामी येते. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये प्रबंधाचा भाग म्हणून ते सुरू केले. पडद्यावरच्या त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की त्रिकोण लांबतो, कलंडतो, तिन्ही मापे भराभर बदलतात. बेरीज मात्र जागची हलत नाही. एखादे पोर हमखास शिरोबिंदू खाली दाबत दाबत त्रिकोण पार चपटा करते. एक कोन १८० कडे धावतो, उरलेले दोन शून्याकडे. पुस्तकात न छापलेली ही गोष्ट वर्ग स्वतः शोधून काढतो.

विज्ञानासाठी ‘फेट’. भौतिकशास्त्राचे २००१ चे नोबेल ज्यांना विभागून मिळाले, त्या कार्ल विमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या विद्युत मंडलाच्या संचात घट, तारा, दिवे हवे तसे जोडता येतात. प्रवाह फार वाढला तर पडद्यावरचा घट पेट घेतो आणि वर्ग आनंदाने ओरडतो. प्रयोगशाळेत जे होऊ नये म्हणून शिक्षक जिवाचा आटापिटा करतात, ते इथे निर्धास्तपणे करून बघता येते. फेटच्या रचनेतली एक गोष्ट धडे करणाऱ्या प्रत्येकाने पाहून ठेवावी. त्यात चित्रे एकीकडे आणि शब्द दुसरीकडे साठवलेले असतात. भाषांतर करणाऱ्यासमोर शब्दांची यादी येते, ती भरली की तेच चलचित्र मराठी बोलू लागते. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

तिसरे हत्यार नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात घडलेले ‘एचफाइव्हपी’. नाव अवघड, काम सोपे. व्हिडिओ चालता चालता ठरावीक क्षणी थांबतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर चुकले तर जिथे ते समजावले होते, तिथे परत नेतो. शब्द ओढून रिकाम्या जागी बसवणे, नकाशावर ठिकाणांना टाचण्या लावणे, एखाद्या प्रसंगात मुलाने घेतलेल्या निर्णयानुसार गोष्ट पुढे नेणे, असे कितीतरी साचे त्यात तयार मिळतात. ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या मूडलसारख्या प्रणालीत हे साचे थेट बसतात. मूडलचे कर्ते मार्टिन दुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढले, आणि त्यांची लहानपणची शाळा रेडिओवर भरत असे. वर्ग म्हणजे चार भिंती नव्हेत, हे कळायला त्यांना पुस्तक वाचावे लागले नसणार.

पडदा टिपायला ओबीएस, आवाज साफ करायला ऑडॅसिटी. दोन्ही मोफत आणि दोन्हींचा कोड खुला. नवशिके बहुतेक पैसे कॅमेऱ्यावर घालतात, तिथे त्यांची फसगत होते. चित्र थोडे धूसर असले तर मूल चालवून घेते. आवाज घुमला किंवा मागे कुकरची शिट्टी वाजत राहिली, तर ते दोन मिनिटांत धडा बंद करते. कॉलरला लावायचा साधा माइक आणि भिंतीवर टांगलेली एक जाड गोधडी, एवढ्याने घुमणारी खोली बऱ्यापैकी शांत होते. आपल्या घरांतली गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. गोधडी तो पिऊन टाकते.

मात्र माइक लावण्याच्याही आधी एक काम असते, आणि ते कसे करावे याचा वस्तुपाठ पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिबरऑफिस, लिनक्स, साइलॅब अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे हे धडे सुमारे दहा मिनिटांचे असतात. प्रत्येकाची संहिता आधी लिहितात, तीही दोन रकान्यांत. एकात पडद्यावर काय दिसणार ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचे ते. मग विषयातले काहीही न कळणारा कोणीतरी ती संहिता हाती घेतो आणि शब्दशः तसेच करत जातो. तो जिथे अडला, तिथे संहिता कच्ची. रेकॉर्डिंग त्यानंतर.

या शिस्तीचे फळ पुढे दिसते. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते, कारण नोकरीच्या ठिकाणी ते इंग्रजीतच भेटणार. समजावणारा आवाज मात्र मराठी, तमिळ, आसामी असा २२ भारतीय भाषांत भरता येतो. संहिता वेळेच्या नोंदींसह तयार असल्याने भाषांतर करणाऱ्याला कोणत्या सेकंदाला काय म्हणायचे ते ठाऊक असते. अर्ध्या पडद्यावर धडा, उरलेल्या अर्ध्यावर सॉफ्टवेअर, अशी शिकण्याची पद्धत. ऐका, थांबवा, करून बघा. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात तज्ज्ञ शिकवायला आला नाही, तरी या पद्धतीने वर्ग चालतो.

याउलट काय घडू शकते, ते फ्लॅशने दाखवले. २००० नंतरच्या दशकात शाळांकडे आलेल्या शैक्षणिक सीड्या आणि संकेतस्थळांवरचे हलते धडे मोठ्या प्रमाणावर फ्लॅशमध्ये बनलेले होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला रामराम ठोकला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने धडे चालवणेच थांबवले. वर्षानुवर्षांची मेहनत एका तारखेला मुकी झाली. फेटचे पुष्कळ प्रयोगही जावा आणि फ्लॅशमध्ये होते. पण मूळ आराखडे हाताशी असल्याने ते लोक आधीपासूनच एकेक प्रयोग एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहीत होते. ज्यांनी फक्त शेवटची फाइल जपली आणि मूळ चित्रे, संहिता, आवाज टाकून दिले, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, नाहीतर गप्प बसावे लागले.

धडा कोणत्या रूपात पुढे द्यायचा, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक वाटला तरी शिक्षकाचाच आहे. तयार व्हिडिओ म्हणजे शिजलेला भात. तो खाता येतो, त्याचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. जिओजेब्राची मूळ फाइल दिली तर दुसरा शिक्षक त्रिकोणाऐवजी चौकोन घेऊन पाहतो. एचफाइव्हपीच्या धड्याखाली, करणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तर, पुनर्वापराचे बटण दिसते; ते दाबले की अख्खा धडा प्रश्नांसकट उतरतो आणि आपल्याकडे उघडून बदलता येतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींत एकच धडा चालावा, यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास ‘स्कॉर्म’ हा संकेत ठरला. सैन्याला आपले प्रशिक्षण दर वेळी नव्याने विकत घ्यायचे नव्हते. शाळांची अडचण त्याहून निराळी नाही.

मग परवानगी. शिक्षकांच्या गटांत एक जुने दुखणे आहे. कोणीतरी रात्र जागून धडा करतो, दुसरा त्यावरचे नाव कापून आपले डकवतो, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तोच धडा मूळ लेखकालाच दाखवला जातो. दुसऱ्या बाजूने, शिक्षकही इंटरनेटवरचे चित्र, सिनेमाच्या गाण्याची चाल, कार्टूनमधले पात्र बिनदिक्कत उचलतात. दोन्हींवर उतारा एका ओळीचा आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. ‘सीसी बाय’ लिहिले की अर्थ स्पष्ट: वापरा, बदला, छापा, विका, फक्त मूळ लेखकाचे नाव ठेवा. प्रथम बुक्सने सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी याच परवान्याखाली आहेत. म्हणून तिथली मराठी गोष्ट कोणीही दुसऱ्या भाषेत नेऊ शकतो, चित्रे तशीच ठेवून नवी गोष्ट रचू शकतो, आणि प्रत्येक आवृत्तीवर आधीच्या सर्वांची नावे राहतात.

प्रत्यक्षात आपल्याकडे धडे फिरतात ते व्हॉट्सॲपवर. ते जवळचे आहे, सगळ्यांच्या खिशात आहे. पण व्हिडिओ तसाच पाठवला की ते तो दाबून लहान करते. दोन-तीन हात फिरून आलेल्या धड्यात फळ्यावरचे अपूर्णांक वाचताही येत नाहीत. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो, हे साधे तंत्रही अनेकांना ठाऊक नसते. दुसरी अडचण सापडण्याची. सोमवारी आलेला उत्तम धडा बुधवारपर्यंत ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडला जातो. व्हॉट्सॲप हा टपालवाला आहे, त्याच्याकडे कपाट मागू नये. कपाटासाठी ‘दीक्षा’, मूडल, शाळेची ड्राइव्ह किंवा निदान नीट नावे दिलेले फोल्डर हवे.

सापडण्याचा प्रश्न मराठीत आणखी एका वळणाने येतो, तो अक्षरांच्या. डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तो कॉपी केला तर भलतेच काही उमटते, शोधला तर सापडत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचताना बडबडू लागते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी उभे केलेले ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते, मराठीही वाचते. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे.

युनिकोड वापरूनही एक बारीक खटका उरतो. पहिलीच्या पुस्तकात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतो. पडद्यावर अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही. नुकतेच अक्षर गिरवू लागलेले मूल मात्र थबकते, कारण त्याच्या दृष्टीने ते वेगळे अक्षर आहे. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी रूप उमटते. ‘वाऱ्यावर’ आणि ‘दऱ्याखोऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ फुटत तर नाही ना, हेही धडा पाठवण्याआधी स्वस्तातल्या एखाद्या जुन्या फोनवर उघडून बघावे.

या सगळ्याची परीक्षा २०२० मध्ये एकदम झाली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला फोनांवर येऊ लागली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ दिसू लागली. ज्या घरात एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, तिथे फोनवरचा धडा रात्री आठनंतर उघडत होता. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी मग घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवले. बाराखडी, पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. येता-जाता मुले वाचू लागली. भिंतीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, आणि ती एकाच वेळी सगळ्या गल्लीला दिसते. ऑनलाइन धडे करणाऱ्याने नीलमनगर डोळ्यांसमोर ठेवावे, कारण तिथल्या शिक्षकांनी साधन निवडण्याआधी मुलाच्या घरात काय आहे ते पाहिले.

रेंज नसलेल्या जागी डिजिटल धडे पोचवण्याची युक्तीही आहे. ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या संस्थेचे ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर चढवायचे. नेट असलेल्या गावी धडे एकदाच उतरवून घ्यायचे. मग वर्गात तोच संगणक छोटे वायफाय पुरवतो आणि मुलांचे टॅब त्याला जोडले जातात. कोणाचे काय झाले, कुठे चुकते आहे, हेही शिक्षकाला तिथेच दिसते.

आणि आता नवी पाळी कृत्रिम बुद्धिमत्तेची. विषय सांगितला की संहिता लिहून मिळते, तिला आवाज मिळतो, चित्रेही मिळतात. कच्चा खर्डा, प्रश्नांचे पर्याय, इंग्रजी धड्याचे पहिले भाषांतर यांसाठी हे साधन वेळ वाचवते, यात वाद नाही. त्याच्या मराठीत मात्र हिंदीचा वास असतो, ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार ते एकमेकांत मिसळते, आणि चुकीचे सालही ते ठामपणे सांगते. पवईतल्या संहितेला जो अनोळखी माणूस तपासतो, त्याची गरज इथे दुप्पट आहे. एकदा करून बघणारा नवखा आणि एकदा विषय जाणणारा, अशा दोन चाळण्यांतून गेल्याशिवाय असा धडा वर्गात नेऊ नये.

पुस्तकाची मांडणी धडा घडत जातो त्या क्रमाने केली आहे. पहिले प्रकरण संहितेचे, मग आवाज, मग चित्र आणि हालचाल, मग प्रश्न. त्यानंतर अक्षरे, परवाना, फाइलींची रूपे आणि शेवटी पोचवणे. त्रिकोणाच्या कोनांचा एकच धडा सर्व प्रकरणांतून पुढे सरकतो, म्हणजे प्रत्येक हत्याराने त्यात काय भर पडली ते दिसते. ज्याला घाई आहे त्याने थेट प्रश्नांच्या प्रकरणावर उडी मारली तरी चालेल. संहितेचे प्रकरण मात्र त्याला बहुधा परत मागे बोलावील.

शेवटच्या प्रकरणात फक्त एक फोल्डर आहे. आत ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल खरे’ अशा नावांच्या फाइली दिसणार नाहीत. इयत्ता, विषय, धडा, भाषा आणि वर्ष, अशी नावे आहेत. दोन रकान्यांची संहिता वेगळी, चित्रे वेगळी, आवाज वेगळा, जिओजेब्राची मूळ फाइल वेगळी, आणि परवान्याची एक ओळ. धडगावच्या एखाद्या शिक्षिकेला हाच धडा पावरी बोलीत हवा असेल, तर तिने चित्रांना हात लावायचा नाही. संहितेचा उजवा रकाना आपल्या भाषेत लिहायचा, वर्गातल्या एखाद्या मुलीला तो मोठ्याने वाचायला लावून ती कुठे अडखळते ते बघायचे, आणि खिडकीवर गोधडी टांगून रेकॉर्डिंगचे बटण दाबायचे.